फुटका डीपीएफ पीयूसीत पकडायचा कसा?

कोथरूडकर: डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आतून तडकलेली किंवा मुद्दाम पोकळ केलेली बीएस-६ डिझेल पंपावरच्या पीयूसीत सहज पास होते. धूरमापक फक्त प्रकाश किती अडला ते बघतो, आणि १०० नॅनोमीटरच्या आतले कण प्रकाश फारसा अडवत नाहीत. फुप्फुसात खोलवर जातात ते हेच. नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कण मोजायला घेतले. मर्यादा अनुक्रमे १० लाख आणि अडीच लाख प्रति घनसेंटिमीटर. पुण्यात हेच हवं.

भोसरी_गॅरेज: नाही पटत. गाडीत पीएम सेन्सर (धुरातली काजळी ओळखणारा) असेल तर आधी तो वाचा. डीपीएफच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला बसतो. सिरॅमिकवर फणीच्या दातांसारखे दोन इलेक्ट्रोड एकमेकांत गुंतवलेले असतात. मधल्या फटीत काजळी साचून पूल झाला की करंट वाहतो. पूल जितका लवकर, तितका फिल्टर गळका. मग हीटर ती काजळी जाळतो आणि मोजणी परत सुरू.

कोथरूडकर: पण पाइपमधलं पाणी सुकेपर्यंत तो हीटर लावताच येत नाही, तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं. कोथरूड ते डेक्कन एवढीच रोजची फेरी असेल तर मोजणी पुरी होणार कधी? शिवाय ज्यानं फिल्टर पोकळ केला, त्यानं रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून) सेन्सरही बंद केलेला असतो. चोरालाच चौकीदार नेमताय तुम्ही!

भोसरी_गॅरेज: रिमॅपचं मान्य. पण स्कॅनर लावून रेडिनेस (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे मॉनिटर, पुऱ्या झाल्या का ते) बघा, बिघाडाचे कोड नुकते पुसले असतील तर मॉनिटर अपूर्ण दिसतात. डेल्टा प्रेशरही (डीपीएफच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) बघा: इंजिन बंद, इग्निशन चालू, तर शून्याजवळ हवं. रेस केल्यावरही शून्यावरच राहिलं तर आधी दोन्ही रबरी नळ्या तपासा, डीपीएफच्या आधीची नळी फाटली तरी असंच दिसतं. नळ्या धड असतील तर फिल्टर पोकळ.

चाकण_टेस्टबेड: भोसरीवाल्यांची तपासणी गॅरेजला ठीक, पंपावरच्या पोराला ती जमणार नाही. तिथे कण मोजणारा काउंटरच हवा, तोही डिफ्युजन चार्जिंगचा, म्हणजे कणांना विद्युतभार देऊन मोजणारा. कणांवर वाफ जमवून मोजणाऱ्या कंडेन्सेशनवाल्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल भरत बसावं लागतं. पण कोथरूडकर, डीपीएफ नसलेल्या जुन्या बीएस-४ गाड्यांना ही मर्यादा लावली तर धडधाकट इंजिनही नापास होईल. त्यांचा धूरमापक काढू नका.

कोथरूडकर: कबूल. काउंटर फक्त डीपीएफवाल्यांना.