मदत हवी आहे: वाचनाचे कोपरे फिरते ठेवलेत, पण घडी बसत नाहीये

नमस्कार मंडळी, द्विशिक्षकी जि.प. शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट 23. 'प्रथम' संस्थेच्या पद्धतीने वाचन तपासलं (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) तर 6 जण अजून अक्षरावर, 8 शब्दावर, बाकीचे परिच्छेद नि गोष्टीवर. म्हणून दिवाळीनंतर चार कोपरे केले, एक माझ्यासोबत वाचन, एक अक्षरकार्डं, एक जोडीवाचन, एक चित्र बघून लिहिणं, आणि दर 15 मिनिटांनी घंटी वाजली की गट पुढे सरकतो.

कागदावर मस्त वाटलं हो. पण मी अक्षरवाल्यांना घेऊन बसले की कार्डांच्या कोपऱ्यात पत्ते सुरू, परवा तर 'झ' ची होडी झाली! आणि खरी अडचण वेळेची. एक मुलगी चित्र बघून लगेच 'बदक' म्हणते, चित्र झाकलं की ब... द... क... असं सुटं सुटं, मग म्हणते 'कबुतर'. काल ती पहिल्यांदा जोडून वाचायला लागली आणि तेवढ्यात घंटी.

तर अक्षरगटाला माझ्याकडे सलग 30 मिनिटं ठेवलं, फिरवलंच नाही, तर चालेल का? बाकीच्यांचं काय करता मग? जोडीवाचनात हुशार पोरं दुसऱ्याला वाचूच देत नाहीत, स्वतःच घडाघडा वाचून मोकळी, त्यावर काही उपाय? गटांना फळांची नावं दिलीत पण पोरांना दोन दिवसांत कळलं पेरू म्हणजे कोण, ते चिडवणंही थांबवायचंय. एकत्र वर्ग सांभाळणाऱ्यांनी प्लीज सांगा, सोमवारपासून बदल करून बघते.