आईनं अंगठीला दोरा गुंडाळलाय. हे नुसतं वय आहे का?

आई ७३ वर्षांची, सोलापुरात साखर पेठेत एकटी राहते. चाळीस वर्षं विड्या वळल्या, कधी आजारपण काढलं नाही. मी पुण्यात. रोज फोनवर "जेवलीस का?" विचारते, ती "जेवले की" म्हणते. परवा गेले तर बोटातून अंगठी घसरू नये म्हणून तिनं दोरा गुंडाळलेला. दिवाळीत भरून दिलेला शेंगदाण्याचा डबा आषाढ आला तरी अर्धा होता. दर पंधरा दिवसांनी शेंगाची चटणी कुटणारं घर हे! दिवाळीत वजन ५२ किलो होतं, आता ४६. जेवण म्हणजे चहात बुडवलेली कडक भाकरी. "भूकच लागंना गं," म्हणते. शुगरसाठी सात-आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. मामा म्हणतात, वय झालं की अंग आटतंच. माझं मन मानत नाही.

निवृत्त परिचारिका:
ताई, मन मानत नाही ते बरोबरच आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शंभरात पाचनं उतरलं तरी तपासून घ्यायचं असतं. तुमच्या आईचं अकराच्या वर गेलंय. याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर आणि बी-१२ बघायला सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं. गोळी मात्र मनानं बंद करू नका. घरी टेपनं पोटरीचा घेर मोजा, ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तेही सांगा. पायावर सूज असली तर वजनाचा काटा फसवतो, म्हणून दंड आणि गालही बघा. आणि तोंड उघडून दात बघा. हे कुणीच करत नाही.

जुळे सोलापूरकर:
आई गेल्यावर वडिलांचं असंच झालं होतं. एकट्यासाठी कोण चूल पेटवणार? डॉक्टरांनी मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री केली आणि डाळ, दही, अंडी वाढवायला सांगितलं. आम्ही ताट भरून वाढणं सोडलं. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्यायचो: हुलग्याचं माडगं, ताकातली आंबील, मऊ भातावर घट्ट वरण आणि तूप, दह्यात कालवलेली शेंगाची चटणी. भाकरी दुधात कुस्करून. चहा जेवणाआधी नको, भूक मरते. शेजारच्या काकूंना रोज एक वेळ त्यांच्यासोबत बसायची विनंती केली. सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

मूळ प्रश्न विचारणारी:
दोघांचे मनापासून आभार. रजा वाढवून थांबले आहे. पोटरी २९ भरली. तोंड बघितलं तर खालची कवळी हिरड्यांना घासून जखम झालेली. चार महिने ती डबीतच होती, "तुला कशाला खर्चात पाडू" म्हणून बोलली नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाणी आणि जेवण दोन्ही टाळत होती, तेही आत्ता कळलं. रक्त तपासायला दिलंय, कवळीसाठी गुरुवारची वेळ मिळाली आहे. आज माडगं दोनदा मागून घेतलं. फोनवर यापुढे "जेवलीस का" नाही, "काय खाल्लंस, किती खाल्लंस" विचारणार.