कलचाचणी की कामाची ओळख? दहावीच्या पोरांना नक्की काय द्यायचं?

सह्याद्रीकर:
बोर्डाने 2016 ला दहावीसाठी कलचाचणी, म्हणजे पोराचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे ते बघणारी चाचणी, सुरू केली होती, आठवतंय? कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं. पुढे ती मागे पडली आणि आता पालक खाजगी काउन्सेलरकडे हजारो रुपये मोजून तसलाच रिपोर्ट आणतात. माझं सरळ मत, पंधरा वर्षांच्या पोराने जे काम कधी बघितलंच नाही त्याची आवड त्याला विचारून काय उपयोग? त्यापेक्षा सुट्टीत आठवडाभर गॅरेज, लॅब, सीएचं ऑफिस, कुठेही बसवा.

खडू_फळा:
बोलणं सोपंय हो. मी शिक्षक आहे, साठ पोरं कुठे बसवू? एमआयडीसीतल्या कारखान्यात नेली तर एचआरवाले पीपीटी दाखवतात, वडापाव देतात आणि मशीनला काचेतूनच रामराम. उलट चाचणीमुळे घरात निदान बोलणं तरी होतं, एका मुलीचा कल ललित कलेकडे आला तेव्हा तिचे बाबा पहिल्यांदा शाळेत येऊन विचारायला लागले की ह्यात पुढे असतं काय.

ठाण्याची_आई:
दोघांचंही पटत नाही. आमच्याकडे कल बिल काही नाही, 85 च्या वर पडले की सायन्स आणि लगेच इंटिग्रेटेड कॉलेज, म्हणजे कॉलेज नावाला आणि दिवसभर क्लास. पोरांना कोणता दरवाजा कधी बंद होतो ते आधी सांगा ना! अकरावीला गणित सोडून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेतलं की एनडीएत, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, नेव्ही, एअरफोर्स गेलं, हे लेकीच्या अर्ध्या वर्गाला माहीत नव्हतं. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे तर कुणी बोलतच नाही कारण आयटीआय म्हटलं की नाकं मुरडतात.

सह्याद्रीकर:
ताई, माहितीचा मुद्दा मान्य, पण तक्ता पाठ करून फिटर म्हणजे काय ते कळणार आहे का? कानस घेऊन मापात लोखंड घासत उभं राहिलं की तासाभरात कळतं आपल्याला जमेल की नाही. आणि सर, साठ जणांना एकदम कोण न्या म्हणतंय? तालुक्याला आयटीआय असतंच, पाच-पाच जण पाठवा.

खडू_फळा:
पाठवतो की, पण परवानगीपत्र, एसटीचं भाडं आणि पोराचं बोट चिरलं तर जबाबदारी कुणाची ते लिहून द्या आधी. मुलींना तर घरचे सोडतच नाहीत. त्यापेक्षा शाळेचे माजी विद्यार्थी शनिवारी वर्गात बोलवा, पगार किती, शिफ्ट कशी, साहेब कसा, सगळं खरं सांगतील.

ठाण्याची_आई:
चालेल, फक्त परदेशात गेलेलेच नका बोलावू, बारावीला नापास होऊन पुढे सावरलेला पण एखादा आणा. आणि बोलवायचं तर नववीतच, दहावीच्या निकालानंतर अकरावीचे पसंतीक्रम भरायची घाई असते, तेव्हा कोण ऐकतंय?