हेलेने वायगेलची मूक किंकाळी कशी बसवायची?

प्रश्न: दादरला एकांकिकेची तालीम चालू आहे. ब्रेख्तच्या ‘मदर करेज’ नाटकात मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज येतो, तेव्हा आईच्या भूमिकेत अभिनेत्री वायगेल नेमकं काय करायची?

उत्तर १: बसूनच. हात मांडीवर, मान मागे, जबडा पूर्ण उघडा, आवाज शून्य. मग तोंड मिटतं. बहुतेकजण इथे श्वास सोडतात आणि घसा खरखरतो. शिवाजी मंदिरच्या पहिल्या रांगेत तो ऐकू जाणारच. श्वास घ्या, अडवा, मग तोंड उघडा.

उत्तर २: कमरेची पैशांची पिशवी विसरू नका! ती मिटल्याचा ‘टक्’ हाच तिचा खरा संवाद.

उत्तर ३: वायगेलचा जन्म १९००, व्हिएन्ना. १९३३ला जर्मनी सोडली. परदेशात भूमिका जवळपास नाहीतच. १९४९ला बर्लिनमध्ये ही भूमिका, त्याच वर्षी ‘बर्लिनर आन्सांबल’ ही नाट्यसंस्था. १९७१ला मृत्यू होईपर्यंत तिचा कारभार वायगेलकडेच.

प्रश्नकर्ता: पिशवीला खटक्याचं झाकण लावतो.