'रेघ' की 'रेषा'? निमित्त: मेलाँचं ख्रिस्तमुख

प्रश्न: क्लोद मेलाँ या फ्रेंच खोदकाराच्या १६४९च्या ताम्रखोदचित्रावर लिहितोय. ख्रिस्ती कथेत येशूचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकाच्या रुमालावर उमटलेला तो चेहरा. नाकाच्या शेंड्यापासून निघालेली एकच लाइन गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते आणि त्यातूनच चेहरा होतो. हिला रेषा म्हणू की रेघ? कॉम्पोझिशनला 'मांडणी' चालेल?

— रेघच! शाळेत घोकलंय ना, रेषेला लांबी असते, रुंदी नसते. इथे तर सगळा खेळ रुंदीचा. कपाळावर उजेड आहे तिथे रेघ केसासारखी, बटांच्या सावलीत तीच फुगलेली. काट्यांचा मुकुट, रक्ताचे थेंब, सगळं त्या जाड-बारीकपणातून. इतर खोदकार सावलीसाठी आडव्याउभ्या रेघांची जाळी टाकायचे. याने चेहऱ्यात एक रेघ दुसरीवर जाऊ दिली नाही.

— पण 'रेघ ओढली' लिहू नका. ओढतात ती सुई, एचिंगमध्ये (पत्र्यावरच्या मेणाच्या थरात रेखून मग तो आम्लात बुडवतात, ती पद्धत). इथे कोरणीची मूठ तळहातात धरून ती तांब्यात पुढे रेटायची, आणि वळणावर पत्राच फिरवायचा. दाब वाढला की चर खोल आणि रुंद, म्हणून शाई जास्त. तेव्हा रेघ 'कोरली'. 'छिन्नी'ही नको, तिला हातोडी लागते. (भांड्यांवर नाव घालतात त्यालाही आपण कोरणंच म्हणतो, त्यामुळे फार ताणत नाही.)

प्रश्नकर्ता: मांडणीचं राहिलं.

— मांडायला चार वस्तू लागतात. भातुकली मांडतात, दुकान मांडतात. इथे एकच रेघ, ती काय मांडणार? मी 'बांधणी' म्हणेन. 'रचना' कुठेही खपते, म्हणूनच मला नको वाटते.

— चित्रातली लॅटिन ओळ बघितलीत का? 'फोर्मातुर उनिकुस उना'. उनिकुस पुल्लिंगी, म्हणजे एकमेव पुत्र. उना स्त्रीलिंगी, म्हणजे ती एकटी रेघ. मराठीत रेघ आणि रेषा दोन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे श्लेष आयता मिळतो. 'फटकारा' लिहिलात की गेला. मी करून पाहिलं: 'एकीनेच घडला एकुलता'.

प्रश्नकर्ता: झकास! पण 'एकीने' वाचून लोकांना 'एकीचे बळ' आठवेल हो.

— मग 'एका रेघेत एकुलता' करा. श्लेष लंगडतो, पण निदान कुणी संघटनेचं घोषवाक्य समजणार नाही.