साइटवर नाव दिसलं तरी फोन कराच
अमेरिकेत आपल्या इन्शुरन्समध्ये बसणारा थेरपिस्ट कसा शोधायचा, या प्रश्नावर वर कुणीतरी म्हणालंय की इन्शुरन्सच्या साइटवर एलसीएसडब्ल्यूचं (म्हणजे थेरपी देणाऱ्या लायसन्सवाल्या सोशल वर्करचं) नाव दिसलं की झालं, पण त्या याद्या कित्येकदा जुन्या असतात हो, माणूस क्लिनिक सोडून गेलेला असतो नाहीतर नवीन पेशंट घेतच नसतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास कुणी हवंय ना, मग सायकॉलॉजी टुडे या साइटवरच्या थेरपिस्टांच्या डिरेक्टरीत झिप कोड टाका, इन्शुरन्स आणि भाषा दोन्हीचे फिल्टर आहेत. ऑनलाइन चालत असेल तर अख्ख्या न्यू जर्सीत शोधा, थेरपिस्टकडे लायसन्स तुम्ही सेशनला जिथे बसता त्या राज्याचं लागतं.

आणि क्लिनिकला नुसतं "आमची इन्शुरन्स कंपनी घेता का" विचारू नका, हो म्हणतात आणि नेमका आपलाच प्लॅन नसतो. थेरपिस्टचा एनपीआय नंबर (प्रत्येक प्रोव्हायडरचा ओळख क्रमांक) घ्या, मग इन्शुरन्स कार्डामागच्या नंबरवर फोन लावा (मेंटल हेल्थचं काम कधीकधी दुसरीच कंपनी बघते, तेव्हा नंबर नीट बघा) आणि हा थेरपिस्ट आपल्या प्लॅनमध्ये आहे का, ९०८३४ नि ९०८३७ या बिलिंग कोडना, म्हणजे पाऊण तासाच्या नि तासाच्या सेशनला कोपे (दर वेळी आपण भरायची ठरावीक रक्कम) किती, डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम) आधी भरायचं का, ते विचारून घ्या. कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा, पुढे बिलावरून भांडायला तोच उपयोगी पडतो. नेटवर्कबाहेरचंच कुणी पटलं तर सुपरबिल (इन्शुरन्सकडे पैसे मागायला लागणारं तपशीलवार बिल) देतात का बघा, पीपीओ (नेटवर्कबाहेरचा खर्चही काही प्रमाणात देणारा प्लॅन) असेल तर थोडेफार पैसे परत मिळू शकतात.