मदत हवी आहे: दीड वर्षाची लेक आणि कोकणातला मे महिना

नमस्कार मंडळी, आम्ही सध्या गुहागरला सासरी आलोय, जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत इथेच. मोठ्याचं काही नाही, तो चुलत भावंडांबरोबर दिवसभर आंबे काढायला नाहीतर समुद्रावर, पण धाकटी आता दीड वर्षाची झालीये, नुसती पळते, कडेवर राहतच नाही. खळ्यात आमसुलं आणि आंब्याची साठं वाळत घातलीत त्यात जाऊन बसते, कोकमाच्या रसाने हातपाय लालभडक, आणि त्यावर परत माती. इतकी खूश असते की घरात कोंडून ठेवायला जीव होत नाही हो!

पण मानेवर आणि पाठीवर घामोळं खूप आलंय. दोनदा गार पाण्याने आंघोळ घालते, सुती झबलंच घालते, सासूबाई चंदन उगाळून लावतात, तरी दुपारी लाइट गेली की परत खाजवायला लागते. पावडर लावू नका असं डॉक्टर म्हणाले, श्वासात जाते म्हणून. तुम्ही काय करता?

दुसरं म्हणजे काजू. बिया भाजायचं काम मागीलदारी चालतं, त्या सालातलं तेल कातडी भाजतं आणि आंब्याच्या देठाचा चीकही तसाच, आणि हिला दिसेल ते तोंडात घालायचं असतं. एवढ्या गडबडीत लहान मुलाला तिथून लांब कसं ठेवता? आणि वाळूत पायातून निघणार नाहीत असे सँडल कुणाला माहितीयेत का, टोपी तर ती दोन मिनिटांत फेकून देते. अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.